पाचशे चाळीस बटणं

घरात सगळे त्याला पाहुणा म्हणत. हे नाव त्याच्या आईनेच ठेवलं होतं. इमारतींच्या लिफ्ट तपासणं हे त्याचं काम. सोमवारी पहाटे विमानाने दुसऱ्या शहरात जायचं, चार दिवस लिफ्टचे दोर, ब्रेक आणि दरवाजे तपासायचे, शुक्रवारी परत यायचं. आल्यावर आई विचारायची, "पाहुणे, किती दिवस मुक्काम?"

त्याची मुलगी भिंगरी सहा वर्षांची असताना त्याने तिला एक काचेची बरणी दिली. आजीने आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले होते, त्यामुळे घरात बटणांचा डबा होता. पाहुण्याने तिला नीट समजावून सांगितलं. बाबा एका विमानात बसला की विमान कंपनी त्याला काही गुण देते. आपण त्या गुणांचं एक बटण धरू. दोनशे सत्तर बटणं झाली की समुद्रापलीकडचं एक तिकीट फुकट मिळतं.

"आणि दोन तिकिटांना?" भिंगरीने विचारलं.

"तूच मोज."

शंभराच्या पुढचे आकडे ती त्या बरणीवरच शिकली.

दोन तिकिटं हवी होती ती आजीला मोठ्या बहिणीकडे न्यायला. ताई समुद्रापलीकडे मुलाकडे राहायची. लहानपणी दोघी हाताने फिरवायच्या एकाच मशीनवर शिवण शिकल्या होत्या. ताई कापड सरकवायची, धाकटी हँडल फिरवायची. ते मशीन अजून आजीच्या खाटेखाली होतं आणि ते ताईला नेऊन दाखवायचं, हे ठरलेलं होतं. आजी कधी विमानात बसली नव्हती. एकटी जाणार नाही, असं तिने स्वच्छ सांगितलं होतं. दुसरं तिकीट विकत घ्यायचं तर पाहुण्याचे तीन पगार गेले असते.

घाई होती, कारण ताई विसरायला लागली होती. आधी गॅस विसरली, मग नातवंडांची नावं. फोनवर धाकटीचा आवाज ऐकला की अजून ती "बोल गं" म्हणायची. ते दोन शब्द किती दिवस टिकतील, हे कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणून पाहुण्याने एक युक्ती केली. सरळ विमानाने तो शुक्रवारी सहाला घरी पोचला असता. त्याऐवजी तो मध्ये एका शहरात उतरून विमान बदलायचा. जाताना दोन बटणं, येताना दोन. पण घरी यायला रात्रीचे अकरा वाजायचे. भिंगरी झोपलेली असायची. शनिवारी सकाळी ती त्याच्या उशाशी बरणी घेऊन बसलेली असे आणि डोळे उघडले की चार बटणं टाकून घेई. असे एकशे पस्तीस शुक्रवार गेले.

जानेवारीत पाचशे चाळिसावं बटण पडलं. त्या दिवशी आजीने नवी पिशवी शिवायला घेतली.

पाहुण्याने कंपनीला फोन केला. गुण पुरेसे आहेत, असं उत्तर मिळालं, पण गुणांवर देण्याच्या जागा जूनपर्यंत नाहीत. तो दर आठवड्याला फोन करत राहिला. विमानं रिकामी जात होती, पैसे मोजले तर उद्याचं तिकीटसुद्धा मिळत होतं, फक्त गुणांना जागा नव्हती. मार्चमध्ये एकदा ताईने फोनवर "कोण?" म्हणून विचारलं. आजीने नाव सांगितल्यावर तिला आठवलं, पण फोन ठेवल्यावर आजी बराच वेळ ती पिशवी उसवत बसली.

एप्रिलमध्ये कंपनीचं पत्र आलं. प्रिय सदस्य, तुम्हाला अधिक चांगली सेवा देता यावी म्हणून आम्ही योजनेत काही सुधारणा करत आहोत. सुधारणा अशी होती की उद्यापासून एका तिकिटाला दोनशे सत्तरऐवजी चारशे पन्नास बटणं लागणार होती. आणि पुढे गुण मिळणार ते उड्डाणांवर नव्हे, तिकिटाच्या किमतीवर. त्याचं ऑफिस सगळ्यांत स्वस्त तिकीट काढायचं. हातातोंडाशी आलेला घास काढून घेतला होता आणि वर आभारही मानले होते.

पाहुण्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून फोन लावला. चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलायला आली. सगळ्या सदस्यांना नियम सारखेच आहेत, असं ती म्हणाली. बदल करण्याचा हक्क कंपनीकडे आहे, हे सही केलेल्या अर्जात लिहिलेलं आहे, असंही म्हणाली.

"बाई, मी लिफ्ट तपासतो," पाहुणा म्हणाला. "पाटीवर आठ माणसं लिहिलेलं असतं म्हणून आठ माणसं आत येतात. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये असताना पाटी पुसून पाच लिहिलं, तर उरलेल्या तिघांनी कुठे उतरायचं?"

मग ती हळूच म्हणाली, "तुमचं बरोबर आहे सर. पण माझ्यासमोर जे लिहिलंय तेच मला वाचायचं असतं."

तिच्यावर ओरडूनही उपयोग नव्हता. ज्यांनी पाटी पुसली होती ते कधीच फोन उचलत नसत. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना शेळ्यांचा आवाज ऐकू येत नाही.

भिंगरीने बरणी टेबलावर ओतली. चारशे पन्नास बटणं मोजून बाजूला केली आणि उरलेल्या नव्वदांकडे बघत राहिली. "बाबा, या बटणांच्या वेळी तू विमानात बसला नव्हतास का?"

"बसलो होतो."

"मग ती कुणी घेतली?"

उत्तर दिलं ते आजीने. "मी एकटी जाईन," ती म्हणाली. "आता त्यांच्या नाकावर टिच्चून जाईन."

जूनमधली एक तारीख मिळाली. भिंगरीने आजीला विमानतळ शिकवला. जेवणाच्या खुर्च्या ओळीने मांडल्या, ताटात आजीच्या चपला आणि बांगड्या ठेवून ते ताट टेबलाखालून पलीकडे सरकवलं. आजी दोनदा चुकली, तेव्हा भिंगरीने न रागावता पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तिसऱ्या वेळी आजी सरळ खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली आणि पाणी मागितलं.

खऱ्या विमानतळावर घोडं अडलं ते मशीनवर. कपड्यांची पिशवी फुकट होती. नेहमी प्रवास करणाऱ्यांना कंपनी सोनेरी कार्ड देई; पाहुण्याच्या त्या कार्डावर घरच्या माणसाची दुसरी पिशवीही फुकट जायची, म्हणून मशीन कापडात गुंडाळून आणलं होतं. काउंटरवरच्या माणसाने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. कार्ड चालू आहे, तो म्हणाला, पण ती सवलत एप्रिलपासून बंद झाली. मग त्याने शुल्क सांगितलं. तेवढ्या पैशांत नवं मशीन आलं असतं.

"नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा," आजी म्हणाली.

मागे रांग खोळंबली होती. पाहुण्याने दात-ओठ खात पाकीट काढलं. आजीने त्याच्या हातावर हात ठेवला. "ठेव ते आत. यांना एक पैसा द्यायचा नाही."

"आई, अगं ताईला दाखवायचं म्हणून तर..."

"तुझा पेचकस आहे ना खिशात? हँडल काढ."

पाहुणा तिथेच फरशीवर बसला. कापड सोडलं, एक स्क्रू काढला आणि लाकडी मुठीचं हँडल आईच्या हातात दिलं. आजीने हँडल कपड्यांच्या पिशवीत दोन लुगड्यांच्या मध्ये ठेवलं, पिशवी पुन्हा वजनाला लावली आणि काउंटरवरच्या माणसाला म्हणाली, "बघा, जास्त झालं असेल तर एक लुगडं इथेच ठेवते." वजन बसलं. मग ती भिंगरीने शिकवल्याप्रमाणे हातात पास धरून काचेच्या दारातून आत गेली. मागे वळून बघायचं नसतं, असं काही भिंगरीने शिकवलं नव्हतं, तरी ती वळली नाही.

पाहुणा हँडल नसलेलं मशीन मांडीवर घेऊन बसने घरी आला.

तिसऱ्या दिवशी आजीचा फोन आला. भिंगरी आणि पाहुणा एकाच फोनला कान लावून बसले.

"ओळखलं का?" पाहुण्याने विचारलं.

"नाही रे. मला 'बाई, कोण तुम्ही?' म्हणाली. सकाळी मी हँडल काढून तिच्या पुढ्यात ठेवलं. बराच वेळ बघत होती. मग माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, हळू फिरव, सुई मोडशील. तोच आवाज. तसाच रागावलेला."

"मग चांगलं झालं ना, आजी?"

"झालं गं. पण जानेवारीत तिने माझं नाव घेतलं असतं."

पाहुण्याने फोन ठेवला. सोमवारी तो कामाला गेला, त्याच कंपनीच्या विमानाने, कारण त्या शहराला दुसरी कंपनी जात नव्हती. शुक्रवारी मात्र त्याने विमान बदललं नाही. संध्याकाळी सहाला दार वाजलं तेव्हा भिंगरी बरणी घेऊन धावली.

"किती टाकू?"

"एकही नाही," तो म्हणाला. "ही बटणं आजीच्या डब्यातली आहेत. सगळी परत भर."

दोघं फरशीवर बसून बटणं भरू लागली. भिंगरी मोजत होती, आणि त्याने तिला मोजू दिलं.