नारिंगी जॅकेटची तीन बकलं

मित्रांनो, मी एक जुनं लाइफ जॅकेट आहे. लहान मुलाच्या मापाचं, नारिंगी रंगाचं. समोर छातीवर दोन बकलं आणि पायांमधून येणाऱ्या पट्ट्याचं तिसरं. सध्या माझा मुक्काम छत्रपती संभाजीनगरातल्या एका फ्लॅटच्या माळ्यावर, आकाशकंदिलाच्या खोक्यामागं आहे. नळाला पाणी आलं की शेजारपाजारचे एकमेकांना हाका मारतात, अशा या शहरात माझं काय काम, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. पण माझ्याबद्दल या घरात एक गोष्ट सांगितली जाते आणि ती खोटी आहे. म्हणून आज मी बोलतोय.

माझा जन्म करमाडजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथं शाळेची दप्तरं शिवायचे आणि मधूनच कधी जॅकेटांची ऑर्डर यायची. मला सुलेखा नावाच्या बाईनं शिवलं. पट्टा जिथं कापडाला जोडला जातो तिथं एक चौकोन शिवायचा आणि चौकोनात फुली मारायची, अशी रीत होती. सुलेखा तो चौकोन दोनदा शिवायची.

"सुलेखा, एकदाच मार शिवण. दोरा काय फुकट येतो का?" मुकादम ओरडायचा.

"दप्तर उसवलं तर पुस्तक पडंल, दादा. हे उसवलं तर काय पडंल?" ती मान वर न करता म्हणायची.

"तू समुद्र बघितलाय का कधी?"

"नाय बघितला. लेकरू बघितलंय."

मुकादम पुढच्या मशिनीकडं वळला. त्या दिवशी मी पट्ट्यांनी पक्का झालो आणि थोडा गर्विष्ठही.

पुढं मी गुलमंडीवरच्या एका दुकानात कितीतरी दिवस टांगलेला होतो, क्रिकेटच्या पॅडांच्या आणि योगाच्या चटयांच्या मधे. गिऱ्हाईक यायचं, माझ्याकडं बघून हसायचं आणि कॅरमची पावडर घेऊन जायचं. मग एका दुपारी अपेक्षा आली. तिनं मला खाली काढायला लावलं. तिन्ही बकलं लावली, ओढली, पुन्हा लावली. पट्ट्याच्या चौकोनावरून नख फिरवलं. अर्धा तास ती माझ्यापाशी उभी होती. इतक्या मनापासून मला आजवर कुणी बघितलं नव्हतं.

अपेक्षाची मुलगी सोनिया चार वर्षांची होती. अपेक्षाच्या सासूबाई साळूबाई, त्यांची एकसष्टी झाली म्हणून सगळं घर थायलंडला क्राबीला निघालं होतं. तिथं खाडीत एक दिवसाची सहल असते. लांब शेपटीच्या लाकडी बोटीत बसायचं आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकेक करून चार बेटं बघायची. बोटीवर जॅकेटं मिळतात, हे अपेक्षाला माहीत होतं. पण तिथं लहान माप नसलं तर? हा 'तर' तिच्या पाठीमागं सतत असायचा. गॅसची कळ, गच्चीची कडी, पाण्याच्या टाकीचं झाकण. ती प्रत्येक गोष्टीला एकदा हात लावूनच झोपायची. घरात त्यावर विनोद व्हायचे.

तिनं मला घरी सोनियाला घालून बघितलं तेव्हा तिची नणंद मंजुषा सोफ्यावर लोळून हसली. "वहिनी, पोरगी गॅसचं सिलिंडर दिसतीय हो! एजन्सीवाला उचलून नेईल."

"नेऊ दे. तरंगेल तरी," अपेक्षा म्हणाली.

साळूबाई मात्र हसल्या नाहीत. "निघायच्या आधीच बुडायचं सामान घरात आणलं. अभद्र असतंय ते."

"आई, हेल्मेट आणलं म्हणून अपघात होतो का?" सोनियाचे वडील विश्वजीत म्हणाले. ते बायकोची बाजू अशीच घ्यायचे, हसत हसत आणि आईकडं बघत.

मित्रांनो, तो समुद्र मी तुम्हाला कसा सांगू! पाण्यातून सरळ वर उठलेले डोंगर, त्यांच्या अंगावर लोंबणारी झाडं आणि खाली पाणी असं हिरवं की गोटी-सोड्याची बाटली... नाही, मला उपमा येत नाहीत. मी दप्तरांमध्ये वाढलोय. बोटीच्या नाकाला रंगीत कापडं आणि फुलांच्या माळा बांधलेल्या होत्या. नावाडी चढण्याआधी तिथं हात जोडायचा. ते बघून साळूबाई हरखल्या. "बघा, हितं बी देवी हाय!"

पहिल्या बेटावर सोनियानं वाळूचा गोळा खाल्ला. दुसऱ्या बेटावर माकडानं मंजुषाची वेफर्सची पिशवी पळवली. दोन्ही बेटांच्या मधे सोनिया पाण्यात उतरली आणि मी तिला उचलून धरलं. ती पाय झाडत होती, खिदळत होती. "मम्मी, मी बुडतच नाही!" माझ्या आयुष्यातलं तेवढंच काम. पंधरा मिनिटं असतील. पण त्या पंधरा मिनिटांत अपेक्षाचा चेहरा सैल झालेला मी बघितला आणि वाटलं, सुलेखाला हे दिसायला हवं होतं.

मोठ्यांनी तोवर आपापली जॅकेटं काढून बुडाखाली घेतली होती.

तिसऱ्या बेटावरून निघताना साळूबाईंनी पिशवीतून खण काढला, हळदकुंकवाची पुडी काढली. त्यांचा जन्म शेतात गेलेला. विहिरीला पाणी लागलं की त्याची ओटी भरायची, ही त्यांची रीत. "येवढं पाणी बघितलं आन् ओटी भरल्याबिगर माघारी जायचं? नाय जमणार." शेंडीचा नारळ तिथं मिळेना. किनाऱ्यावरून एक हिरवं शहाळं घेतलं, डोक्याएवढं मोठं. "शेंडी नाय, पर चालतंय. दर्याला आपला भाव कळतोय," त्या म्हणाल्या. आणि ओटी कुणाच्या हातानं? घरातलं सगळ्यात धाकटं लेकरू, लक्ष्मीच्या पावलाचं. सोनियाच्या.

बोट पाण्यात उभी होती, इंजिन बंद. नुसती उभी बोट जास्त हलते. अपेक्षाला मळमळायला लागलं. ती दुसऱ्या कडेला वाकली, मंजुषा तिची पाठ चोळू लागली. वाकण्याआधी अपेक्षानं सोनियाचा हात नवऱ्याच्या हातात दिला होता. "दोनच मिनिटं धरा हो. सोडू नका."

आता नीट ऐका. माझी सगळी गोष्ट एवढीच आहे.

मी सोनियाच्या छातीवर जाड होतो. शहाळं दोन्ही हातांत घेतलं की तिचे कोपर माझ्यात अडकायचे, हात पुढं जायचेच नाहीत.

"पोचंना लेकराचा हात," साळूबाई म्हणाल्या. "काढ रं ते जरा."

"आई, अपेक्षा ओरडेल."

"ती तिकडं हाय. आन् देवीपुढं लेकरू असं बांधून नेत्यात व्हय? एका मिनिटाचं काम."

विश्वजीतांनी मागं वळून बघितलं. बायकोची पाठ दिसत होती. मग त्यांनी बोटानं दाबलं. टक. टक. तिसरं पायातलं, ते जरा घट्ट होतं. टक. मला फळीवर ठेवलं. त्यांनी लेकीच्या फ्रॉकला मागून धरलं, साळूबाईंनी शहाळ्याला खालून हात लावला. तेवढ्यात लांबून एक स्पीडबोट गेली आणि तिची लाट आली, फ्रॉक हातातून निसटला.

सोनियानं शहाळं सोडलं नाही. आज्जीनं दोन्ही हातांनी धर म्हणून सांगितलं होतं. लेकरं सांगितलेलं ऐकतात.

शहाळं तरंगलं. सोनिया नाही.

मी फळीवर पडून होतो, मित्रांनो. चार हातांच्या अंतरावर. जिच्यासाठी मी शिवला गेलो ती पाण्याखाली आणि मी कोरडा.

नावाड्यानं उडी मारली आणि त्याच्यामागं विश्वजीतांनी मलाही पाण्यात फेकलं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. तो तिला घेऊन वर आला तेव्हा तिचे ओठ जांभळे होते. त्यानं तिला पालथं धरलं, पाठीवर थापटलं, पाणी बाहेर आलं आणि मग ती रडली. त्या रडण्यासारखं गोड मी काही ऐकलं नाही.

अपेक्षा तिला छातीशी धरून बसली. बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली. "जॅकेट? जॅकेट कुठंय तिचं?"

साळूबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. विश्वजीतांनी मला पाण्यातून वर ओढलं. ते वाईट नव्हते हो. घाबरलेले होते.

"सुटलं," ते म्हणाले. "बकल सुटलं, अपेक्षा. सकाळी तूच लावलं होतंस ना?"

साळूबाईंनी लेकाकडं बघितलं आणि पदर पुन्हा तोंडाला लावला. चौथं बेट कुणी बघितलं नाही.

घरी आल्यावर ही गोष्ट पाहुण्यांना सांगितली जाऊ लागली. देवीनं वाचवलं, हा एक भाग. बकल सुटलं, हा दुसरा. आणि तिसरा कुणी बोलायचं नाही, पण चहाच्या कपांमधून फिरायचा. आई असून धड बांधता आलं नाही. मंजुषा तर म्हणालीच, "एवढी तपासणारी बाई, आन् ऐन वेळी?" अपेक्षाचं हसणं बंद झालं. ती आता सोनियाच्या बुटाचे बंदही तीन-तीनदा बघायची, शाळेच्या रिक्षापर्यंत जायची आणि परत येऊन पुन्हा बघायची. रोज मला कपाटातून काढून माझी बकलं लावायची, सोडायची. तिला वाटायचं, आपलंच बोट चुकलं. मी ओरडून सांगत होतो. फोमचा आवाज कुणाला ऐकू येतो?

मग साळूबाईंनीच हट्ट धरला की दुकानदाराला जाब विचारायला हवा. खोटं एकदा घरात आलं की त्याला जेवू घालावं लागतं. विश्वजीत टाळत होते, पण जावं लागलं. अपेक्षाही गेली. दुकानदारानं मला हातात घेतलं, ओढून बघितलं, गुडघा लावून ओढलं.

"साहेब, सुटत नाही हे."

"पाण्यात सुटलं."

"तिन्ही एकदम?"

"म्हणजे मी खोटं बोलतोय?" विश्वजीत एवढ्या जोरात ओरडले की शेजारचा कापडवाला डोकावला. दुकानदाराला दुकानापुढं गर्दी नको होती. त्यानं तिथूनच करमाडला फोन लावला. "तुमचा माल परत पाठवतोय. लेकरू मरता मरता वाचलं. कुणी शिवलंय हे? कोण? त्या बाईला आधी मशिनीवरून उठवा."

सुलेखाचं नाव मी तेव्हा पुन्हा ऐकलं.

अपेक्षानं मला मात्र परत मागून घेतलं आणि ती गाडीवर मागं बसली. मी तिच्या मांडीवर होतो. तिचा अंगठा माझ्या बकलांवरून फिरत होता. एक. दोन. तीन. एक सुटलं असेल, हे तिनं मानलं होतं. पण तीन?

दुसऱ्या दिवशी तिनं बसायच्या खोलीतला झोपाळा काढला. एका पोतडीत सोनियाच्या वजनाएवढी ज्वारी भरली, पोतडी ओली केली, मला तिच्यावर चढवलं, तिन्ही बकलं लावली आणि आम्हाला झोपाळ्याच्या कडीला टांगून दिलं.

"हे काय नवीन?" साळूबाईंनी विचारलं.

"बघतेय, आई. कधी सुटतं ते."

येता-जाता सगळ्यांना मला चुकवून जावं लागायचं. अपेक्षा रोज पोतडीवर पाणी शिंपडायची, जोरात झोका द्यायची. विश्वजीत टीव्ही बघायचे आणि टीव्हीपुढं मी हलायचो. त्यांनी खुर्ची सरकवली. चार दिवस मी ते वजन पेललं. इतकं मन लावून मी काहीच केलं नव्हतं. सुलेखाचे दुहेरी चौकोन करकरले, पण एक टाका हलला नाही.

पाचव्या दिवशी साळूबाईंचा धीर सुटला. "विश्वजीत, उतरव बाबा ते. वास मारायलाय. ज्वारीला मोड आले."

"थांबा ना आई," स्वयंपाकघराच्या दारातून अपेक्षा म्हणाली. "आपोआप सुटतंय की ते. तिन्ही एकदम."

विश्वजीत उठले. एका हातानं पोतडी सावरली, दुसऱ्या हाताच्या बोटानं दाबलं. टक. टक. तिसरं जरा घट्ट होतं. टक.

जमिनीवर बाहुली घेऊन बसलेल्या सोनियानं वर बघितलं.

"पप्पा, बोटीत पण असंच काढलं होतं ना? आता मी नारळ टाकू?"

ओली ज्वारी फरशीवर सांडत राहिली.

तुम्हाला वाटेल, आता विश्वजीतांनी माफी मागितली असेल. नाही. "लेकरू काय बी बोलतंय," असं साळूबाई म्हणाल्या आणि केरसुणी घेऊन आल्या. विश्वजीत गॅलरीत जाऊन उभे राहिले. अपेक्षा रडली नाही की भांडली नाही. तिनं मला पुसलं, पिशवीत घातलं, सोनियाला स्कूटीवर पुढं उभं केलं आणि गुलमंडी गाठली.

"दादा, जॅकेट चांगलं होतं. आमच्या माणसानं काढलं होतं. करमाडला सांगा."

दुकानदारानं फोन लावला, ऐकला, ठेवला. "ताई, ती बाई आता तिथं नाही. कुठं गेली त्यांना माहीत नाही. आणि तसंही, आता जॅकेटं शिवत नाहीत ते. फक्त दप्तरं."

या गोष्टीला पाच वर्षं झाली. सोनिया आता पोहायला शिकली, मी तिला दंडापर्यंतही येत नाही. आजही घरी पाहुणे जमले की साळूबाई ती गोष्ट सांगतात आणि बकल सुटतं. विश्वजीत ताटाकडं बघतात. अपेक्षा उठून पाणी आणायला जाते. तिनं गच्चीची कडी तपासणं सोडलेलं नाही. फक्त आता ती सोनियाचा हात कुणाच्या हातात देत नाही, घरातल्यांच्याही.

मित्रांनो, मला धुवा, उन्हात ठेवा, उंदरांपासून जपा, असं मी सांगणार नाही. माझे दिवस झाले. पण तुमच्या घरातही कुणी सारखं 'बकल लाव' म्हणणारं असेल, तर त्याला हसू नका. आणि कधी तुमच्याच हातानं काही सुटलं, तर 'मी काढलं' एवढं म्हणा. दोनच शब्द आहेत. ते तुम्ही गिळलेत, तर ते कुणाच्या तरी आईला आणि कुठल्या तरी सुलेखाला जन्मभर पुरतात.

माझी तिन्ही बकलं अजून लागतात.