हेस्टरबाईंची दिवंगत ठरण्याची मुलाखत

आमच्या न्यासाचं काम दिसायला सोपं आहे. अमेरिकेतल्या ज्या चांगल्या पुस्तकांना आता कुणी विचारत नाही ती शोधायची, तपासायची, पिवळा न पडणाऱ्या कागदावर छापायची आणि ज्या वाचनालयांनी ती एकेकाळी रद्दीत काढली, त्यांनाच पुन्हा भेट द्यायची. नफा कमवायचा नाही असं न्यासाच्या घटनेत लिहिलं आहे. हे कलम आम्ही आजवर एकदाही मोडलेलं नाही.

दुसरं कलम लेखकाबद्दल आहे. लेखक मेलेला हवा. जिवंत लेखकाला मुखपृष्ठाबद्दल मतं असतात.

हे कलम एमेट क्राउसला प्राणाहून प्रिय होतं. एमेट आमचा पाठसंपादक. लेखकाच्या मनात शेवटी नक्की काय होतं, हे ठरवणं त्याचं काम. हस्तलिखित, मासिकातला मजकूर, पहिली आवृत्ती असं सगळं टेबलावर मांडून तो बसायचा. मग मी मूळ प्रत मोठ्यानं वाचायचो, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि तो समोरच्या प्रतीवर बोट फिरवायचा. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या की खालच्या सँडविचवाल्याला वाटायचं, वर कुठल्यातरी पंथाची प्रार्थना चालली आहे. त्यानं एकदा आदरानं टोपीही काढली होती.

त्या वर्षी हेस्टर डनलिव्हीचा खंड तयार होत आला होता. नेब्रास्काची बाई. तरुणपणी गव्हाच्या शेतांवर तीन कादंबऱ्या लिहिल्या आणि एकदम गप्प झाली. खंडाच्या शेवटी लेखकाचं सालवार चरित्र द्यायची आमची पद्धत आहे. बाईंच्या मृत्यूचं साल काही केल्या सापडेना. शेवटी एमेटनंच निर्वाळा दिला, "इतकी वर्षं एक ओळ छापली नाही, एक मुलाखत दिली नाही, दुसऱ्या एकाही लेखकाला नावं ठेवली नाहीत. जिवंत लेखकाच्यानं हे होणं नाही." आम्हा सगळ्यांना ते पटलं. आम्ही पुष्कळ लेखक पाहिले होते.

वर्तमानपत्रात खंडाची बातमी आली आणि दोन दिवसांत आमच्या न्यू यॉर्कच्या कचेरीत एक उंच, काठीवाली म्हातारी येऊन उभी राहिली. हातात झाकलेली रुबार्बची पाई, आंबट देठांचं गोड सारण भरून भाजलेली.

"डनलिव्हीचं पुस्तक तुम्हीच काढताय ना?"

"हो. आपण त्यांच्या कोण?" एमेटनं विचारलं.

"मीच ती."

एमेट खुर्चीत बसला. खुर्ची जरा लांब होती, पण आम्ही त्याला उचलून नीट बसवला.

"बाई, आपण असं कसं करू शकता?" तो एवढंच म्हणाला.

"काय केलं मी?"

"आपण जिवंत आहात!"

"अरे बाळा, हे मला डॉक्टरही दर वेळी याच सुरात सांगतो. मग मी गप्प होते तेव्हा कुठं होते वाटलं तुला? मधमाश्या पाळत होते. त्या पुस्तकांपेक्षा बऱ्या. चावल्या की लगेच कळतं."

संचालिका प्रुडन्स व्हॅन ॲल्स्टाइन बाहेर आल्या. देणगीदारांशी बोलून बोलून त्यांचा आवाज लोण्यासारखा झालेला. त्यांनी पाई कापून सगळ्यांना वाढली आणि नियम समजावून सांगितला. शेवटी म्हणाल्या, "तर खंड तयार आहे. फक्त आपल्याला जर, म्हणजे आपल्या सवडीनं…"

"मी मरेपर्यंत थांबायचं म्हणतेस?"

"घाई मुळीच नाही!"

"घाई मला आहे," हेस्टरबाई म्हणाल्या. "डोळे चाललेत माझे. डॉक्टर म्हणतो थंडीपर्यंत वाचता येईल, पुढचं सांगता येत नाही. माझी शेवटची प्रत शेजारच्या वेर्नानं नेली ती नेली, आणि मग वेर्नाही गेली. गावच्या वाचनालयानं आपली विकली. आणि मला त्या कोराचं पुढं काय झालं ते आठवत नाही."

"कोणती कोरा?" मी विचारलं.

"पहिल्या कादंबरीतली. गाडी थांबवून पुलावर उभी राहते ना. तिथपर्यंत आठवतं. पुढं उडी मारते, की लग्न करते, की घरी जाऊन भाकरी भाजते, काही म्हणता काही आठवत नाही. रात्र-रात्र डोक्यात तेच. मीच लिहिलंय आणि मलाच ठाऊक नाही! आहे की नाही चमत्कारिक?"

एमेटला ती कादंबरी तोंडपाठ होती. त्याचा चेहरा विरघळला. "बाई, ती पुलावरून—"

काठी टेबलावर आपटली. "खबरदार! मला वाचायचंय ते. छापलेलं. शेवट सांगणाऱ्या माणसाशी मी चर्चमध्येसुद्धा बोलत नाही."

"मग छपाईआधीची मुद्रितं द्या ना त्यांना वाचायला," मी म्हणालो.

एमेटनं मला कोपऱ्यात ओढलं. "वेडा आहेस का? त्या वाचतील, मग पेन्सिल मागतील. एक शब्द जरी बदलला की तीच लेखकाची शेवटची इच्छा! माझं निम्मं आयुष्य पाण्यात. पहिल्या प्रकाशकानं कादंबरीतून कापलेलं कुत्रं मी हस्तलिखितावरून मोठ्या कष्टानं परत आणलंय, माहितेय ना तुला?"

प्रकरण विश्वस्तांपुढं गेलं. अध्यक्ष ऑगस्टस पेल हे निवृत्त न्यायाधीश. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "नियमाचा हेतू काय?"

"लेखकानं मध्ये येऊ नये," प्रुडन्स म्हणाल्या.

तेव्हा एमेट उभा राहिला. रात्रभर झोपला नसावा. "मग माझं म्हणणं असं, की ज्या बाईनं हे पुस्तक लिहिलं ती आता नाही. या बाईंना त्यातलं काही आठवत नाही. ज्याला काही आठवत नाही त्याची पुस्तकाबद्दल काही इच्छाही नाही. आमच्या शास्त्राप्रमाणे या दिवंगत आहेत."

"आक्षेप आहे?" न्यायाधीशांनी बाईंना विचारलं.

"पुस्तक मिळणार असेल तर नाही."

बाईंना खरंच काही आठवत नाही ना, याची न्यायाधीशांनी परीक्षा सुरू केली. परीक्षा देणाऱ्यानं नापास व्हावं म्हणून कुणाला देवाची प्रार्थना करताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. प्रार्थना एमेट करत होता.

"नायिकेच्या वडिलांचा धंदा?"

"गहू? तिथं सगळ्यांचा गहूच होता."

विश्वस्तांत चुळबुळ झाली. "हा नुसता अंदाज आहे," एमेट घाईनं म्हणाला, "तिथं काहीही विचारलं तरी उत्तर गहूच येतं!" न्यायाधीशांनी ते मान्य केलं.

"दुसऱ्या कादंबरीचा नायक कोण?"

"दुसरीत नायक होता?"

"तिसरीचा विषय?"

"वादळ असेल. नाहीतर आमची सासू."

"पुस्तकात कुत्रं आहे का?"

"कुत्रं? शी! मला कुत्री आवडत नाहीत."

एमेट पांढराफटक पडला. न्यायाधीश पुढं झुकले. "हे मत त्या वेळचं, की आताचं?"

हेस्टरबाईंनी एमेटकडं बराच वेळ पाहिलं. "आताचं. गेल्या वर्षी एक चावलं. तेव्हाचं कोण सांगणार? ती बाई वेगळीच होती म्हणे."

मतदान झालं. हेस्टर डनलिव्ही एकमतानं दिवंगत ठरल्या. सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळली, त्याही काठीवर भार टाकून उभ्या राहिल्या. मग सगळे जेवायला गेलो. दिवंगतांनी सूप परत पाठवलं, मीठ कमी होतं म्हणून.

चरित्राची शेवटची ओळ एमेटनं स्वतः लिहिली: "याच वर्षी न्यू यॉर्क येथे बहुमानपूर्वक दिवंगत." खंड छापून आला तेव्हा झाडांची पानं लाल झाली होती. पहिली प्रत त्यानं टपालानं पाठवली नाही, स्वतः विमानानं नेब्रास्काला जाऊन दिली. दोघांनी व्हरांड्यात बसून चहा घेतला आणि पुस्तकाबद्दल एक अक्षरही न काढता तो परत आला. त्याला काय यातना झाल्या असतील त्या पाठसंपादकच जाणोत.

आठवड्यानं फोन आला. एमेटनं मलाही ऐकता यावं म्हणून बटण दाबलं.

"वाचलं," हेस्टरबाई म्हणाल्या. आवाज बसलेला. "रात्री पुलाशी आले आणि दिवा मालवलाच नाही. मला वाटलंच नव्हतं ती असं करेल! रडले रे बाळा मी. शेजारी विचारायला आले."

"काही बदलावंसं वाटलं?" एमेटनं विचारलं. हा प्रश्न त्यानं का विचारला ते त्यालाच माहीत.

"मी कोण बदलणारी? ज्या बाईनं लिहिलंय तिला कळत होतं ती काय करतेय ते." मग पानं उलटल्याचा आवाज झाला. "ऐक, ठेवते आता. दुसरीत खरंच एक नायक निघालाय, आणि मला तो माणूस अजिबात बरा वाटत नाही."