पेन्सिलीनची भावकी

लग्नाची हळद नीट उतरली नव्हती, तोच दीपा घसा सुजून अंथरुणाला खिळली. थुंकीसुद्धा गिळवत नव्हती. कर्जतच्या त्या लहानशा खोलीत उशाशी सासू रतनबाई, उंबऱ्यात सासरे काकासाहेब आणि समोर डॉक्टर.

डॉक्टरांनी विचारलं, "आधी कुठलं औषध बाधलंय का?"

नव्या सुनेनं सासऱ्यांदेखत बोलायचं नाही, म्हणून उत्तर रतनबाईंनी दिलं. "काय बाधत न्हाई. आमी पारखून आणलीय पोरगी!"

माहेरी भिंगारला शाळेत असताना पेन्सिलीनच्या सुईनं दीपाचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं, श्वास अडकला होता. 'पेन्सिलीनच नव्हे, त्याच्या भावकीतलंही काही पुन्हा द्यायचं नाही,' असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि लग्न ठरताना आईनं, गीताबाईनं, बजावलं, "सासरी चकार शब्द काढू नको. पोरीत खोट हाय म्हनतील. सोयरीक मोडंल."

डॉक्टर सुई भरू लागले, तशी दीपा कशीबशी पुटपुटली, "सुईचं भ्या वाटतं."

"बरं बाई, गोळ्या घे," डॉक्टर हसले.

सुटले, असं तिला वाटलं. तोच ते कॅप्सूल काढत म्हणाले, "अँपिसिलीन आहे. पेन्सिलीनचाच चुलतभाऊ."

रतनबाईंनी कॅप्सूल तिच्या ओठांशी धरली. "आ कर. किती लाड करून घेशील!" म्हणाल्या मायेनंच. शिव्या घालणाऱ्या सासूला नाही म्हणणं एक वेळ सोपं, हिला कसं म्हणावं?

दीपानं ओठ घट्ट मिटले. मग भिंतीकडं तोंड करून बोलली, "मला हे चालत न्हाई. मागं मरता मरता वाचले."

काकासाहेब खाकरले आणि उगाच अंगणाकडं बघू लागले.

"लग्नाआधी का न्हाई सांगितलं?" रतनबाईंनी विचारलं.

"मोडलं असतं."

"मोडलंच असतं," रतनबाई म्हणाल्या. मग डॉक्टरांवर डाफरल्या, "बघत काय बसलाय? दुसरं लिव्हा की!"

डॉक्टरांनी एरिथ्रोमायसिन लिहून दिलं. "हे लपवू नका. चार लोकांना माहीत असू द्या. उद्या ही बेशुद्ध पडली, तर सांगणार कोण?"

रतनबाईंनी ते जरा जास्तच मनावर घेतलं. संध्याकाळी नळावर हंडा लावून त्या साऱ्या गल्लीला ऐकवत होत्या, "आमच्या सुनेला पेन्सिलीन चालत न्हाई बरं का! आन् तिच्या आईनं लपवलं, ते येगळंच!"

दीपानं गोधडी डोक्यावर ओढली. उद्या गीताबाई लेकीला बघायला येणार होती, आणि तिला आधी कळवायला घरात फोन नव्हता.