कर्मचाऱ्यांच्या दारावरचा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. सध्या विमानतळाच्या प्रशिक्षण वर्गात, खिडकीजवळच्या कपाटावर माझा मुक्काम असतो. माझी वायर गुंडाळून रबराने बांधून ठेवली आहे. नव्याने भरती झालेली मंडळी माझ्याकडे पाहून विचारतात, "हा काय वजनकाटा आहे का?" मी वजनकाटा नाही. मी बारा वर्षे माणसे ओळखण्याचे काम केले आहे. निदान मला तसे वाटत होते.

माझा जन्म अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका कारखान्यात झाला. आम्ही शेकडो भावंडे एकाच दिवशी जन्मलो. कुणी वाचनालयात गेले, कुणी दुकानात साबणाच्या वड्या वाचत बसले. माझ्या नशिबी अलाबामातले हे विमानतळ आले. इथे मला एका लाकडी टेबलावर चार स्क्रूंनी घट्ट बसवले. त्या टेबलाला एकच खण होता. हा खण तेवढा लक्षात ठेवा.

तुम्ही विमानतळावर गेला असाल तर तिथली तपासणीची रांग पाहिली असेल. बूट काढा, पट्टा काढा, पिशव्या सरकत्या पट्ट्यावर ठेवा, पाण्याची बाटली टाकून द्या. प्रवाशांचे एक वेळ ठीक आहे, पण ज्यांना रोजच विमानात कामाला जायचे, तेही त्याच रांगेत अडकले तर विमान उडवणार कोण? म्हणून वैमानिकांसाठी आणि विमानातल्या इतर कर्मचाऱ्यांसाठी बाजूला एक अरुंद दार होते. त्या दाराशी मी होतो. कर्मचाऱ्याने माझ्या डोळ्याखाली ओळखपत्र धरायचे, माझ्या पडद्यावर त्याचा फोटो यायचा, हिरवा दिवा लागायचा आणि माणूस पलीकडे. पापणी लवायच्या आत काम फत्ते!

पण कधीकधी लाल दिवाही लागायचा. त्या माणसाने काही गुन्हा केला असेल असे नाही. कुणीही गाफील राहू नये म्हणून दूरच्या एका मोठ्या संगणकात चिठ्ठी टाकल्यासारखे कुणाचे तरी नाव निघायचे. मी नुसता निरोप्या. लाल दिवा लागला की त्या कर्मचाऱ्याला एक ठरावीक प्रश्न विचारायचा आणि प्रवाशांच्या रांगेत पाठवायचे, अशी रीत होती. या दाराची अटही साधीच होती. आपल्या सामानात दुसऱ्याची वस्तू न्यायची नाही, मग ती शेजारणीची टाचणी का असेना.

माझ्या टेबलाशी ऑफिसर एमोस टॉलिव्हर बसत. उंच, सडपातळ, इस्त्रीची घडी मोडू न देणारे गृहस्थ. नियमाला इतके पक्के की ड्युटीवर असताना कुणाच्या हातचा घोटभर गोड चहासुद्धा घेत नसत. रोज सकाळी आल्याबरोबर ते आपल्या रुमालाने माझी काच पुसत. मला ते 'साहेब' म्हणत. मला त्याचा फार अभिमान वाटे. येणारे-जाणारेही माझे कौतुक करत, "ह्याने आमची अर्धी रांग वाचवली," असे म्हणत. मी फुगून जाई.

आणि मिस व्हर्लीन. व्हर्लीन मॉस हे त्यांचे पूर्ण नाव. वर्तमानपत्रांतून ज्यांना हवाई सुंदरी म्हणतात, त्यांपैकी त्या एक. वय एकसष्ट, डावा गुडघा दुखरा आणि आवाज असा खणखणीत की त्या दाराशी पोचण्याआधीच त्यांचे हसणे पोचायचे. एकतीस वर्षे त्या विमानात काम करत होत्या.

"काय ऑफिसर टॉलिव्हर, ओळखलंत का मला?" हे त्यांचे रोजचे वाक्य.

"चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतोय," टॉलिव्हर गंभीरपणे म्हणत. "थांबा, साहेबांचं मत घेतो."

"म्हणजे एकतीस वर्षं उडतेय मी, आणि शब्द चालणार ह्या ठोकळ्याचा!"

मी हिरवा दिवा लावला की टॉलिव्हर म्हणत, "साहेब म्हणतात, बाई भल्या आहेत. जाऊ द्या."

कधी मिस व्हर्लीन कागदाच्या पिशवीतून उकडलेल्या शेंगा काढत. "घ्या हो चार. काल रात्रीच उकडल्यात."

"ड्युटीवर आहे."

"शेंगाच आहेत, बाँब नाहीत काही!"

"मिस व्हर्लीन, तो शब्द इथे काढायचा नाही," असे म्हणत टॉलिव्हर घाबरून इकडेतिकडे बघत आणि त्या मुद्दाम त्यांच्यासमोर उभ्या राहून दोन शेंगा फोडून खात. या दोघांची रोजची जुगलबंदी हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ होता. तेव्हा तो मला नेहमीसारखाच वाटायचा.

तो ऑगस्टचा महिना होता. मिस व्हर्लीन त्या दिवशी डेट्रॉइटच्या विमानावर होत्या. नेहमीप्रमाणे हसत आल्या, "ओळखलंत का मला?" म्हणाल्या, ओळखपत्र माझ्यापुढे धरले आणि माझा लाल दिवा लागला.

"अगं बाई, साहेब रुसले वाटतं!" त्या म्हणाल्या.

टॉलिव्हरही हसले. हसत हसतच त्यांनी तो ठरावीक प्रश्न विचारला. "सामानात दुसऱ्या कुणाचं काही आहे का?"

"आहे की. मिस यूलाची बरणी."

टॉलिव्हरांचे हसू थांबले. "कसली बरणी?"

"अंजिराच्या मुरंब्याची. त्या बघा मिस यूला, त्या रांगेत, निळ्या टोपीतल्या. आमच्या चर्चमधल्या. मला लहानपणी मुळाक्षरं त्यांनीच शिकवली. डेट्रॉइटला बहिणीकडे निघाल्यात. बहीण नव्वदीची झाली. आईच्या दारच्या झाडाचं अंजीर एकदा खायचंय म्हणते. आता प्रवाशांच्या रांगेतून पाकाने भरलेली एवढी मोठी बरणी कोण नेऊ देणार? आम्हा कर्मचाऱ्यांना चालते. म्हटलं, द्या इकडे, मी नेते. विमानात बसल्यावर त्यांची त्यांना परत."

मित्रांनो, ही चूक विमानातल्या माणसाच्याच हातून होणार. ज्याच्यासाठी दार रोज उघडते, त्याला वाटते, आपल्याबरोबर आणखी एखाद्या गरजू माणसाची बरणी गेली तर काय बिघडले? मिस व्हर्लीनच्या मनात पाप नव्हते. म्हणूनच त्यांनी खरे सांगून टाकले.

टॉलिव्हरांनी एकदा रांगेतल्या निळ्या टोपीकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मिस व्हर्लीन, मी परत एकदा विचारतो. सामानात दुसऱ्या कुणाचं काही आहे का?"

मला कळले, ते त्यांना वाट करून देत होते. 'नाही' एवढा एक शब्द पुरला असता. माझ्या आत जीव असता तर मी ओरडलो असतो, म्हणा ना नाही!

"परत विचारलंत म्हणून अंजिराचा पेरू होत नाही, ऑफिसर टॉलिव्हर," त्या म्हणाल्या. "त्यांचीच आहे."

टॉलिव्हरांनी फॉर्म काढला. तो भरताना त्यांचे अक्षर वेडेवाकडे आले. मिस व्हर्लीनने सही केली. मग बरणी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "टाकायची तर तुम्हीच टाका. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईने उन्हात उभं राहून तोडलीत ही अंजिरं. माझा हात होणार नाही."

त्या रांगेकडे गेल्या. टॉलिव्हरांनी बरणी उचलली, कचऱ्याच्या पिंपापर्यंत नेली आणि परत आणली. त्यांचाही हात झाला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नियम मोडला आणि ती बरणी माझ्या खणात ठेवली. "नेऊन देईन," असे ते स्वतःशी पुटपुटले. तो दिवस गेला. दुसराही गेला.

चौकशी पूर्ण होईपर्यंत मिस व्हर्लीनचा क्रमांक माझ्या यादीत बंद करण्यात आला. सगळ्यांना वाटले, आठवडाभराचा प्रश्न आहे. पण कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. मिस व्हर्लीन रोज प्रवाशांच्या रांगेत उभ्या राहू लागल्या. बूट काढताना त्या एका हाताने खांब धरत. ती रांग माझ्यापासून दहा पावलांवर होती.

पहिले काही दिवस त्या आमच्या दाराकडे बघत. हनुवटी किंचित वर करून, जणू म्हणत, ओळखलंत का मला? टॉलिव्हर मात्र माझ्या पडद्यात डोके खुपसून बसत. तिथे बघण्यासारखे काही नसे. पडदा कोराच असे. तरी ते असे वाचत, जणू मोठा ग्रंथ उघडला आहे. मित्रांनो, लाल दिव्याचा दोष मी माझ्याकडे घेत नाही, तो चिठ्ठीचा खेळ होता. पण एक चांगला माणूस माझ्याआड लपला आणि मी त्याला लपू दिले, याची खंत मला अजून आहे. पुढे मिस व्हर्लीननेही आमच्याकडे बघणे सोडले.

नोव्हेंबरात सणाची गर्दी झाली. रांग थेट बाहेरच्या दारापर्यंत गेली. मिस व्हर्लीनना ड्युटीवर पोचायला उशीर झाला. मग पुन्हा झाला. तिसऱ्यांदा झाला तेव्हा वरून विचारणा आली. त्यांनी उत्तर देत बसण्याऐवजी राजीनामा दिला. एका सकाळी माझी यादी नवी होऊन आली, तर तिच्यात त्यांचा क्रमांकच नव्हता. चौकशीचा निकाल त्यानंतर तीन आठवड्यांनी लागला. 'समज देऊन प्रकरण बंद', एवढाच तो निकाल होता. टॉलिव्हरांनी तो कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि त्या दिवशी माझी काच पुसायला विसरले.

आणखी दोन वर्षे गेली. चेहरा पाहून माणूस ओळखणारे कॅमेरे आले. ओळखपत्र काढायचीही गरज उरली नाही. मला कुणी रागावले नाही, कुणी माझ्याबद्दल दोन बरे शब्दही बोलले नाही. एक बाई यादी घेऊन आल्या आणि माझे चारही स्क्रू काढले. मग त्यांनी खण ओढला.

"ही बरणी कसली? तुमची का?" त्यांनी विचारले.

टॉलिव्हर उभे होते. प्रश्न त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. 'हो' म्हटले असते तर तिथेच मिटले असते.

"नाही," ते म्हणाले. "दुसऱ्याची आहे. मी इथे ठेवली. ठेवायला नको होती."

त्या बाईंनी आपली यादी वरून खालपर्यंत पाहिली. मग म्हणाल्या, "मी यंत्रांची यादी करते, मुरंब्यांची नाही. न्यायची असेल तर न्या लवकर."

पुढची हकिगत मी इथे कपाटावर बसून ऐकली. टॉलिव्हर आता नव्या मंडळींना शिकवतात. दर तुकडीला मला दाखवून ही गोष्ट सांगतात. सांगताना माझ्याकडेच बघतात.

ती बरणी घेऊन ते मिस व्हर्लीनच्या घरी गेले. दाराला जाळी होती. त्या जाळीआड येऊन उभ्या राहिल्या. टॉलिव्हर वाटेत बरेच काही जुळवून आले होते, पण तोंडून निघाले ते एवढेच. "मिस व्हर्लीन, ओळखलंत का मला?"

"ओळखते की," त्या म्हणाल्या. "ओळखीच्या माणसाने विचारलं म्हणून तर खरं बोलले. अनोळखी कुणी असता ना, तर 'माझीच बरणी' म्हणून मोकळी झाले असते."

"मी तो फॉर्म भरला, त्याबद्दल..."

"फॉर्मचं काय घेऊन बसलात? ते तुमचं काम होतं. पण एमोस टॉलिव्हर, चार महिने मी दहा पावलांवर उभी होते. गुडघा धरून. एकदा मान वर करून 'नमस्कार, मिस व्हर्लीन' म्हटलं असतंत, तर तुमची नोकरी जाणार होती का?"

 टॉलिव्हरांनी बरणी पुढे केली. मिस व्हर्लीनने जाळी किंचित उघडून ती घेतली आणि उजेडात धरली. झाकण फुगले होते. पाक काळा पडला होता.

"मुरंबा वाट बघतो हो," त्या म्हणाल्या, "पण इतकी नाही. मिस यूला ह्या ईस्टरला गेल्या. बहीण त्यांच्याही आधी गेली."

मग त्या आत गेल्या. टॉलिव्हरांना वाटले, आता दार बंद होणार. पण त्या कागदाची पिशवी घेऊन परत आल्या. "आता ड्युटीवर नाही ना? मग घ्या चार शेंगा." आत या, असे मात्र त्या म्हणाल्या नाहीत. टॉलिव्हरांनी गाडीत बसून एक शेंग फोडली. 

एवढे सांगून झाले की प्रश्न येतात. परवा एका मुलीने विचारले, "म्हणजे सर, तुम्ही फॉर्म भरायलाच नको होता का?"

"फॉर्म भरायलाच हवा होता," टॉलिव्हर म्हणाले. "त्यानंतर उठून दहा पावलं चालायला हवं होतं."

वर्ग सुटला. टॉलिव्हरांनी रुमाल काढला आणि माझी काच पुसली. माझ्यात आता हिरवा दिवा नाही आणि लालही नाही, तरी ते पुसतात. मित्रांनो, तुमच्या हातातही उद्या माझ्यासारखी यंत्रे असतील, माझ्याहून हुशार असतील. त्यांना सांभाळा, त्यांची काच पुसा, पण त्यांच्याआड लपू नका. आणि कुणाची बरणी तुमच्या खणात राहिली असेल, तर ती आजच नेऊन द्या.