मिनिटमहाराजांचं यंत्र

तपासणी केंद्राच्या दारात सकाळपासून रांग होती आणि रांगेतला प्रत्येकजण पुढच्याला चमत्कार समजावून सांगत होता. दुसरीकडे कुठेही डोक्याचा एमआरआय स्कॅन म्हणजे यंत्राच्या बोगद्यात अर्धा-पाऊण तास निपचित पडायचं आणि कानाशी ठोकाठोक ऐकत राहायचं. इथे चष्मा काढायचा, आडवं व्हायचं, उठायचं. एका मिनिटात मेंदूचं चित्र हातात. केंद्राचे मालक पांढऱ्या कोटात दाराशी उभे असत. ते डॉक्टर नव्हते, पण कोट डॉक्टरांच्या कोटापेक्षा पांढरा होता. लोक त्यांना मिनिटमहाराज म्हणत.

“यंत्र लाखो डोकी पाहून शिकलंय,” महाराज सांगत. “आता त्याला बघावंही लागत नाही. तुम्ही आत शिरलात की त्याला कळतं.”

हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना यातलं ‘बघावंही लागत नाही’ हे जरा खटकलं. पण त्या आल्या होत्या मोठ्या भावासोबत, म्हणून गप्प बसल्या.

दादा क्रेन चालवायचा. आभाळाला टेकलेल्या केबिनपर्यंत शिडीने चढायचं आणि खाली माणसं वावरत असताना त्यांच्या डोक्यांवरून लोखंड फिरवायचं, हा त्याचा रोजचा धंदा. हल्ली त्याला चक्कर यायची, एका कानात सतत शिट्टी वाजायची. रिपोर्ट आणल्याशिवाय शिडीला हात लावायचा नाही, असं मुकादमाने बजावलं होतं. रिपोर्ट एका मिनिटात आला: मेंदू निर्दोष. दादाने तिथूनच वहिनींना फोन करून सोमवारी डबा भरायला सांगितला.

मग बहिणीला म्हणाला, “आत मला दोनदा शिंक आली. तरी फोटो बघ, कसा झकास आलाय.”

बाई थबकल्या. मुलांच्या प्रयोगवह्या तपासून तपासून त्यांचं नाक तिखट झालं होतं. ज्याने खरंच प्रयोग केला त्याचे आकडे कुठेतरी अडखळतात. ज्याने घरी बसून लिहिले, त्याचे शहाण्या मुलांसारखे एका रेषेत बसतात. दादाचं चित्र तसंच शहाण्यासारखं बसलं होतं. शिंकणाऱ्याचं डोकं हलतं आणि हललेलं डोकं पुसट यायला हवं.

त्यांनी हे बोलून दाखवलं, तर दादा उखडला. “तुला माझं चांगलं झालेलं बघवतच नाही. शाळेत माझा पहिला नंबर आला, तेव्हाही तू गुणपत्रिका उजेडात धरून पाहिली होतीस.”

“खाडाखोड सापडली होती,” बाई म्हणाल्या आणि भाजीबाजाराकडे वळल्या.

परत आल्या त्या एक कोबी घेऊन. डोक्याच्या मापाचा, रसरशीत. याचाही स्कॅन हवा, असं त्यांनी महाराजांना नम्रपणे सांगितलं. महाराज हसले, हे माणसांसाठी आहे म्हणाले.

“ज्याला न बघता कळतं, त्याला बघून कोबी कळायला काय हरकत आहे?”

रांगेला फुकटची गंमत हवीच होती. ऑपरेटरने महाराजांकडे पाहिलं. महाराज नाही म्हणू शकले असते. पण यंत्राची थोरवी गाऊन गाऊन ती त्यांनाही निम्मी-अर्धी खरी वाटू लागली होती. कोबी आडवा झाला. त्याला चष्मा नव्हता, तेवढा वेळ वाचला.

बाहेरच्या पडद्यावर चित्र उमटलं. मेंदूचे दोन सुबक भाग, नाजूक वळ्या, समोर दोन डोळे. खाली ओळ: मेंदू निर्दोष, काळजीचं कारण नाही.

रांग पडद्याकडे सरकली. मग एका आजोबांनी हात जोडले. कोबीलाही मेंदू असतो हे आजवर कुणाला दिसलं नव्हतं, ते यंत्राने शोधलं, असं ते सद्गदित होऊन म्हणाले. महाराजांनी तो धागा लगेच पकडला आणि निसर्गाच्या गूढावर बोलू लागले. बाई तोवर कोबीची पानं एकेक सोलून लोकांच्या हातात देत होत्या. डोळे काही सापडेनात.

शेवटी ऑपरेटरच बोलला. स्कॅनला वेळ लागतो तो डोक्यातून येणारे संकेत मोजायला. दिवसात जास्त माणसं बसावीत म्हणून महाराजांनी मोजणं जवळजवळ बंद करायला लावलं होतं. उरलेलं सगळं यंत्र पाठ केलेल्या डोक्यांवरून भरत होतं. त्याने मेंदूखेरीज काही पाहिलेलंच नव्हतं. कोबी घाला नाहीतर नारळ, ते मेंदूच काढणार. आणि खालची ओळ तर आधीपासून छापूनच ठेवलेली होती.

दादाचा चेहरा उतरला. “म्हणजे हे चित्र माझं नाही?”

“शिकताना त्याने पाहिलेल्या धडधाकट लोकांचं आहे,” बाई म्हणाल्या. “त्यात तुझं काम एवढंच, की तू चष्मा काढून ठेवलास.”

मोठ्या रुग्णालयात दादा बराच वेळ बोगद्यात पडून राहिला. कानाच्या नसेवर छोटी गाठ निघाली, ऑपरेशनने निघण्यासारखी. तिथल्या डॉक्टरीणबाईंना त्याने संशयाने विचारलं, तुमच्याकडे ते शिकलेलं यंत्र नाही ना? आहे की, त्या म्हणाल्या. त्याच्यामुळेच वेळ निम्म्यावर आला. पण आधी पुरेसं मोजायचं, मग त्यातला गोंधळ यंत्राने साफ करायचा. पूर्ण मोजलेल्या चित्रांशी ताडून पाहिल्याशिवाय त्याच्या कामावर आम्ही सही करत नाही.

तेव्हा यंत्र शिकलेलं आहे म्हणून त्याला हात जोडू नका आणि त्याच्यावर दगडही उचलू नका. कुणी तुमच्याबद्दल फार झटपट आणि फार गोड काही सांगितलं, तर एवढंच विचारा: यातलं मोजलंत किती, धरून चाललात किती, आणि पडताळलं कुणी? दादा त्या सोमवारी शिडी चढला नाही. क्रेनखाली वावरणाऱ्या माणसांच्या लेखी तो रोजच्यासारखाच एक दिवस होता, आणि ती सगळी संध्याकाळी घरी गेली.