निशिकांतांची बैठकीची खोली

मरीन परेडच्या त्यांच्या कॉन्डोतल्या फ्लॅटमध्ये पाहुणा आला की निशिकांत आधी त्याला बाकाखाली वाकायला लावत. "बघा, एक तरी खिळा सापडतोय का!" यंत्राच्या मालाला विटलेल्या इंग्लंडच्या कारागिरांनी शंभरेक वर्षांपूर्वी हाताने घडवलेलं ते ओकचं फर्निचर, आर्ट्स अँड क्राफ्ट्स शैलीतलं. उंच पाठीचा बाक, रुंद हातांची आरामखुर्ची, तांब्याच्या बिजागऱ्यांचं कपाट. बँकेत नोकरी केली तेवढी वर्षं निशिकांतांनी एकेक वस्तू शोधून आणली. मधुमतीबाईंना आधी ते सगळं काळपट नि अवजड वाटायचं. पण रविवारी नवऱ्याबरोबर मेण घासता घासता त्यांचाही जीव त्या लाकडात गुंतला.

मग निशिकांतांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. घरी आणायचं तर हॉस्पिटलसारखा पलंग हवा, व्हीलचेअर फिरायला जागा हवी. बेडरूमच्या दारातून व्हीलचेअर जाईना. राहता राहिली बैठकीची खोली.

"तुझ्याकडे ठेवतेस का थोडं फर्निचर?" मधुमतीबाईंनी टॅम्पिनीस भागात राहणाऱ्या लेकीला विचारलं.

"नो स्पेस लाह, आई," क्षिप्रा तिथल्या इंग्रजीच्या ढंगात म्हणाली. "पण खुर्ची तरी ठेव ना. बाबांची आहे."

"नको. बसता येणार नाही त्यांना. नुसती बघून झुरतील."

जुन्या वस्तूंचा व्यापारी येऊन नाक मुरडून गेला; असलं जड लाकूड आता कुणी घेत नाही म्हणाला. हॉस्पिटल तर पेशंटला घरी न्या म्हणून घाई करत होतं. शेवटी मोडीत काढणारी माणसं बोलावली. बाक लिफ्टमध्ये मावेना. तो सुटा करता यावा म्हणून मधुमतीबाईंनी सांध्यातल्या लाकडी खुंट्या दाखवल्या, पण दमट हवेने त्या फुगून घट्ट बसल्या होत्या. माणसांनी करवत काढली. मधुमतीबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ मोठा सोडून उभ्या राहिल्या.

निशिकांत घरी आले. पलंगावर टेकवल्यावर त्यांनी सगळीकडे नजर फिरवली.

"मधू. घरी."

"अहो, घरीच आलोय आपण."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "घरी चल."

बाईंनी खिडकीतला समुद्र दाखवला, त्यांचा चहाचा मग हातात दिला. रोज तेच. डॉक्टर म्हणाले, मेंदूला इजा झाल्यावर असं होतं. पण ते बायकोला ओळखत होते, लेकीला ओळखत होते. फक्त ही खोली त्यांची नव्हती. मधुमतीबाईंनी मोडवाल्यांना फोन केला. खुर्ची केव्हाच कचरा जाळायच्या भट्टीत गेली होती.

एका सकाळी बाईंना राहवलं नाही. "चला, घरी जाऊ," असं म्हणून त्यांनी निशिकांतांना इस्त्रीचा शर्ट घातला, खाली नेलं, समुद्राकाठी फिरवून आणलं. निशिकांत कितीतरी दिवसांनी हसले. परत वर आल्यावर बाईंनी दार उघडलं. आत पांढरा पलंग दिसला. निशिकांतांनी डाव्या हाताने चौकट धरली.

"नाही," ते म्हणाले.

"अहो, सोडा ना. ऐका माझं."

बोटं सुटेनात. चौकट धरूनच ते रडायला लागले. मधुमतीबाईंनी दोनदा ओढून पाहिलं, मग व्हीलचेअरचा ब्रेक लावला आणि तिथेच, उंबऱ्याबाहेर, जमिनीवर बसल्या. कुठे न्यायचं यांना, हे त्यांना कळत नव्हतं.