निशाणाची शुद्धी

वेंडेलने असा काय गुन्हा केला होता? फासावर लटकलेल्या दोस्तात अजून धुगधुगी आहे असं वाटलं, म्हणून धावत जाऊन त्याने दोर कापला. दोस्त मेलेलाच निघाला. पण जल्लादाच्या दोराला हात लागला आणि पोरगा बाटला. पलटणीत कोणी त्याच्या शेजारी जेवेना, कोणी त्याच्याशी बोलेना. यातून सुटायची रीत एकच. साऱ्या पलटणीसमोर त्याला गुडघ्यांवर बसवायचं आणि निशाणदाराने त्याच्या डोक्यावरून तीनदा निशाण फिरवायचं.

त्याची आई ओटिलिया भरतकाम करायची. कप्तान ग्रोलने तिला बरोबर हेरलं.

"नवं निशाण भरून दे, म्हातारे. फुकट. पहिल्यांदा तुझ्याच पोरावरून फिरवतो."

हिवाळाभर ती बाई राबली. पांढऱ्या रेशमावर ढगातून निघालेला हात, हातात तलवार, चारी कोपऱ्यांत ज्वाळा, सगळं सोनेरी जरीत. डोळे जवळजवळ गेले, पण तक्रार नाही. पोरगा माणसांत येणार होता ना!

त्या सकाळी पलटण ढोल घेऊन मैदानात उभी राहिली. वेंडेल मधोमध गुडघे टेकून बसला. निशाणदाराने निशाण उलगडलं आणि रेशमावरून बोटं फिरवली.

"वा, एक सुरकुती नाही. चौकटीवर एकटीने ताणलंत हे?"

"एकटीला कसं जमेल, साहेब? दुसरं टोक वेंडेल धरायचा की," ती कौतुकाने बोलून गेली.

निशाणदाराने चटका बसल्यासारखा हात काढला. काठी ढोलांना टेकवून तो मागे सरला. "कप्तानसाहेब, हे बाटलंय. मी नाही उचलणार."

ओटिलिया पुढे झाली. तिने कप्तानाचे पाय धरले. कप्तानाचं लक्ष मात्र जरीकडे. एवढं सोनं काय जाळून टाकायचं? त्याने जुनं फाटकं निशाण मागवलं आणि नव्यावरून तीनदा फिरवायला लावलं. ढोल वाजले. निशाणदाराने नवं निशाण खुशाल खांद्यावर घेतलं.

"आता माझ्या पोरावरून फिरवा, मायबाप," ती म्हणाली.

"आत्ताच शुद्ध केलंय. लगेच पुन्हा बाटवू?"

"पण तुम्ही शब्द दिला होता."

"निशाण शुद्ध होतं तेव्हाचा शब्द तो. बाटवलं कोणी? तूच ना?" कप्तान हसला. "आणि घरात त्याच्याच हातचं खातेस. पुन्हा या कापडाला हात लावलास तर बोटं तोडीन."

मेल्याला लाज कसली ती नाहीच. त्याने कूच करायचा हुकूम दिला आणि पलटण निघाली. वेंडेल तसाच बसलेला, मान खाली घालून, कारण त्याला ऊठ म्हणायचं कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. शिपाई त्याच्या दोन्ही बाजूंनी, बूट लागू नयेत म्हणून अंग चोरून, पुढे गेले.

ओटिलिया धावत त्याच्यापाशी गेली.

"झालं का गं, आई?" त्याने वर न बघता विचारलं.